रानातील संशोधनात सर्वांना वाव कसा द्यावा: परिसरशास्त्राच्या प्रकल्पप्रमुखांसाठी मार्गदर्शन

परिसरशास्त्राचे, म्हणजे इकॉलॉजीचे, बरेचसे काम संस्थेच्या इमारतीबाहेर चालते. मेळघाटात भाड्याने घेतलेले घर, कोयनेच्या खोऱ्यातील संरक्षण कुटी, पहाटे अंधारात निघणारी जीप, मालवणच्या किनाऱ्यावरून सुटणारी होडी आणि रात्री नोंदींचे तक्ते भरण्यासाठी सगळे जमतात ती ओसरी, ही या शास्त्राची खरी कार्यालये आहेत. संस्थेच्या प्रवेशद्वारावर लावलेले समान संधीचे धोरण तेथपर्यंत आपोआप पोचत नाही. त्यामुळे स्त्रिया, दलित व आदिवासी पार्श्वभूमीचे विद्यार्थी, दिव्यांग संशोधक, समलिंगी व पारलिंगी व्यक्ती आणि स्थानिक सहायक या क्षेत्रात टिकतात की नाही, हे मुख्यतः तीन ठिकाणी ठरते: प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात, शिबिराच्या रोजच्या व्यवस्थेत आणि शोधनिबंधावरील नावांमध्ये. पुढील सूचना भारतातील, त्यातही महाराष्ट्रातील, क्षेत्रकार्य चालवणाऱ्या प्रकल्पप्रमुखांना समोर ठेवून लिहिल्या आहेत. त्यांतील बहुतेक गोष्टी प्रस्ताव लिहितानाच ठरवाव्या लागतात, कारण निधी मंजूर झाल्यानंतर शौचालयासाठी किंवा विम्यासाठी पैसे कोणत्या खर्चशीर्षातून काढायचे, हा प्रश्न सहसा सुटत नाही.

भरती: दार कोठे बंद होते

वनस्पतिशास्त्रज्ञ ई. के. जानकी अम्मल 1955 मध्ये प्रिन्स्टन येथे भरलेल्या, मानवाने पृथ्वीचे रूप कसे पालटले या विषयावरील प्रसिद्ध परिसंवादाला उपस्थित होत्या, तेव्हा तेथे निमंत्रित झालेल्या त्या एकमेव स्त्री होत्या. आज पदव्युत्तर वर्गांत आणि संशोधन गटांत मुलींची उपस्थिती ठळकपणे दिसते. मात्र दार उघडले ते प्रामुख्याने शहरी, इंग्रजी बोलणाऱ्या आणि घरून आर्थिक आधार असणाऱ्या मुलींसाठी व मुलांसाठी उघडले, असे माझे मत आहे. त्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे बिनपगारी किंवा नाममात्र मानधनावरची उमेदवारी. वन्यजीव संशोधनात शिरण्यासाठी ‘अनुभव’ लागतो आणि तो अनुभव सहा महिने स्वखर्चाने जंगलात राहिल्याशिवाय मिळत नाही. नंदुरबारच्या शेतमजूर कुटुंबातील पदवीधराला हे परवडत नाही, आणि त्याच्याकडे अनुभव नाही म्हणून पुढच्या मुलाखतीतही तो मागे पडतो.

म्हणून पहिली सूचना अशी की, आपल्या प्रकल्पात बिनपगारी जागा ठेवूच नये. चार विनामूल्य उमेदवारांऐवजी एकच ठेवावा, पण त्याला निवास, भोजन, प्रवास आणि मानधन द्यावे. केंद्र सरकारच्या निधीवरील कनिष्ठ संशोधन अधिछात्राला, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोला, 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आणि घरभाडे भत्ता देय आहे. अल्पकालीन सहायकाचे मानधन ठरवताना हा आकडा निदान नजरेसमोर असावा. अधिछात्रवृत्तीचे पैसे पुष्कळदा उशिरा येतात, हे सर्वांना ठाऊक असते आणि तरीही रुजू होण्यासाठीचे रेल्वेचे तिकीट, पहिल्या महिन्याचे जेवण व बूट यांचा खर्च नव्या माणसाने स्वतः करावा, असे गृहीत धरले जाते. पहिल्या दिवशी हातात पडेल अशी आगाऊ रक्कम संस्थेच्या आकस्मिक निधीतून देण्याची सोय आधीच मंजूर करून घ्यावी.

जाहिरातीचा मजकूरही तपासावा. ‘स्वतःचा लॅपटॉप व दुर्बीण आवश्यक’ ही अट कौशल्य तपासत नाही, पाकीट तपासते. दुचाकी परवान्याची अट खरोखर कामासाठी लागते की सवयीने लिहिली जाते, हे पाहावे; शिकवून आठवड्याभरात येणारी गोष्ट पात्रतेत घालू नये. ‘शारीरिकदृष्ट्या तंदुरुस्त’ असे मोघम लिहिण्यापेक्षा काम नेमके काय आहे ते सांगावे: दररोज साधारण किती अंतर चालावे लागेल, चढ किती, ओझे किती, पावसाळ्यात मुक्काम कोठे. त्यावरून उमेदवार स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकतो. जाहिरात ओळखीच्या व्हॉट्सअॅप गटांत टाकून थांबू नये. ती जिल्ह्याच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि भूगोल विभागांना, तसेच गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठासारख्या ठिकाणी पाठवावी. शासकीय संस्थांना आरक्षणाचे नियम लागू असतात, पण आपल्याकडील परिसरशास्त्राचे फार मोठे काम स्वयंसेवी संस्थांत चालते आणि तेथे असे बंधन नसते. त्यामुळे तेथील प्रमुखांची जबाबदारी अधिक आहे, कमी नाही.

निवडीचे निकष अर्ज उघडण्यापूर्वी लिहून ठेवावेत. यामागे पुरावा आहे. 2012 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विज्ञान शाखेच्या 127 प्राध्यापकांना प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या पदासाठी एकच अर्ज देण्यात आला. काहींच्या प्रतीवर पुरुषाचे नाव होते, काहींच्या प्रतीवर स्त्रीचे. पुरुषाच्या नावाच्या अर्जाला अधिक सक्षम ठरवले गेले आणि सरासरी सुमारे 30,200 डॉलर वार्षिक वेतन सुचवले गेले, तर स्त्रीच्या नावाला सुमारे 26,500. स्त्री प्राध्यापकांनीही हाच कल दाखवला. आपल्याकडे आडनावावरून जात ओळखण्याची सवय इतकी मुरलेली आहे की, पहिल्या चाळणीत नाव व आडनाव झाकलेले बरे. मुलाखत मराठीत किंवा हिंदीत देण्याची मुभा जाहिरातीतच लिहावी आणि इंग्रजी संभाषणाऐवजी प्रत्यक्ष काम तपासावे: दहा छायाचित्रांतील ठसे ओळखणे, एक तक्ता भरणे, नकाशावरून वाट काढणे. जिल्ह्याच्या गावी वाढलेली मुले यात पुष्कळदा शहरातल्यांना मागे टाकतात.

शिबिर आणि सुरक्षितता

2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात मानववंशशास्त्र, पुरातत्त्व, जीवशास्त्र अशा क्षेत्रकार्य करणाऱ्या विषयांतील 666 संशोधकांना त्यांचे अनुभव विचारण्यात आले. त्यांपैकी 64 टक्के लोकांनी क्षेत्रकार्याच्या ठिकाणी लैंगिक स्वरूपाचा त्रास झाल्याचे सांगितले आणि 20 टक्क्यांहून अधिक लोकांनी प्रत्यक्ष लैंगिक अत्याचार झाल्याचे नोंदवले. लक्ष्य ठरलेले लोक बहुतांशी विद्यार्थी किंवा नवखे होते, आणि स्त्रियांना त्रास देणारे पुष्कळदा त्यांच्याच गटातील वरिष्ठ होते. सर्वेक्षणात सहभाग ऐच्छिक होता, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे सर्व शिबिरांना लागू करता येणार नाहीत. परंतु रानातला धोका बिबट्यापासून किंवा गावगुंडापासून असतो आणि आपल्या गटात सर्व ‘घरच्यासारखे’ आहेत, हा समज मोडायला ते पुरेसे आहेत.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या 2013 च्या कायद्यात कामाच्या ठिकाणाची व्याख्या व्यापक आहे. नोकरीच्या निमित्ताने भेट दिलेली कोणतीही जागा आणि मालकाने पुरवलेले वाहन त्यात मोडते. म्हणजे शिबिर, जीप आणि वनविश्रामगृह तिन्ही. रोजंदारीवरील, हंगामी, प्रशिक्षणार्थी आणि स्वयंसेवक अशा सर्व स्त्रियांना त्याचे संरक्षण आहे, त्यामुळे शिबिरात स्वयंपाक करणारी गावातली बाईही त्यातून वगळली जात नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती असावी लागते. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री असावी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असाव्यात आणि एक सदस्य संस्थेबाहेरची व्यक्ती असावी. त्याहून लहान संस्थेतील, किंवा तक्रार थेट मालकाविरुद्ध असल्यास कोणत्याही संस्थेतील, स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची असून समितीला कारणे नोंदवून ती आणखी तीन महिन्यांनी वाढवता येते. सलग चार महिने रानात असलेल्या मुलीच्या बाबतीत ही वाढ फार मोलाची ठरते, म्हणून ती रुजू होतानाच तिला माहीत असली पाहिजे.

कायद्याचा फलक लावणे हे यातले सर्वांत सोपे काम आहे. कठीण काम म्हणजे तक्रार करण्याची वाट खरोखर मोकळी ठेवणे. बहुतेक प्रकल्पांत प्रमुख हाच मार्गदर्शक, तोच शिफारसपत्र देणारा, तोच शोधनिबंधाचा सहलेखक आणि जीपची किल्लीही त्याच्याकडेच असते. म्हणून प्रकल्पाशी संबंध नसलेली एक व्यक्ती संपर्कासाठी नेमावी आणि तिच्याशी दर पंधरवड्याला ठरलेल्या दिवशी प्रत्येकाचे स्वतंत्र बोलणे व्हावे. काही घडले तरच फोन करायचा, अशी पद्धत ठेवली की तो फोन करणेच मोठी घटना होऊन बसते. शिबिरावर मोबाइलचे जाळे नसेल तर दर आठवड्याला बाजाराच्या गावी एकट्याने जाण्याची मुभा प्रत्येकाला असावी. तसेच कोणालाही, कारण न सांगता, शिबिर सोडून घरी किंवा मुख्यालयी परतता यावे यासाठी प्रवासाचे पैसे एका बंद पाकिटात प्रत्येकाजवळ दिलेले असावेत. हा खर्च अत्यल्प आहे आणि माझ्या मते या संपूर्ण मार्गदर्शनातील सर्वांत परिणामकारक तरतूद हीच आहे.

आचारसंहिता दोन पानांची असावी, मराठीत असावी आणि तिच्यात मद्यपान, खोल्यांची वाटणी, रात्रीचे काम, अपमानास्पद टोपणनावे आणि जातिवाचक बोलणे यांचा स्पष्ट उल्लेख असावा. 2013 चा कायदा स्त्रियांपुरता आहे. आचारसंहिता मात्र सर्वांना लागू करावी. अनेक संस्था मिळून प्रकल्प चालवत असतील तर तक्रार कोणत्या समितीकडे जाईल हे करारातच लिहावे, अन्यथा प्रत्येक संस्था दुसरीकडे बोट दाखवते. चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने तक्रारदार स्त्रीच्या कामाचे मूल्यमापन करू नये, अशी शिफारस समितीकडून मिळवता येते. पीएच.डी.च्या विद्यार्थिनीसाठी दुसरा मार्गदर्शक आणि तिने गोळा केलेल्या नोंदींवरचा तिचा हक्क, या दोन गोष्टींचीही तेव्हाच व्यवस्था करावी, कारण नोंदी हातून जाण्याच्या भीतीने अनेक जणी गप्प राहतात.

सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींना रात्रीच्या सर्वेक्षणातून किंवा दूरच्या बीटवरून, म्हणजे वनरक्षकाच्या हद्दीतील कामावरून, वगळणे हा उपाय नव्हे, कारण त्यामुळे त्यांच्या नोंदी कमी पडतात आणि पुढे शोधनिबंधही. दोघांनी मिळून जाणे, निघण्याची व परतण्याची वेळ फळ्यावर लिहिणे आणि परतण्यास उशीर झाला तर कोण शोधायला निघेल हे ठरवणे, हे नियम स्त्री-पुरुष सर्वांना सारखेच असावेत. उरल्या साध्या गोष्टी: आतून कडी लागणारे शौचालय, पाण्याची सोय, सॅनिटरी पॅडची विल्हेवाट लावण्याची जागा, लांब ट्रान्झेक्टवर, म्हणजे नोंदी घेत चालायच्या आखलेल्या वाटेवर, मध्ये थांबण्याची निश्चित वेळ, आणि लहान मापांचे बूट व रेनकोट. यांची मागणी कोणी करावी लागू नये; त्या आधीच तेथे असाव्यात.

जेवण, भांडी आणि जात

विविधतेविषयी पाश्चात्त्य देशांतून आलेल्या मार्गदर्शिकांमध्ये हा भाग सापडणार नाही, आणि आपल्याकडे तो सर्वांत कमी बोलला जातो. शिबिराच्या चुलीजवळ जात अगदी सहज प्रवेश करते. स्वयंपाकी कोणाच्या घरचा असावा याविषयी गावातून दबाव येतो. भाड्याच्या घराचा मालक भाडेकरूंची आडनावे विचारतो. स्थानिक सहायकांनी ओसरीवर आणि ‘सरांनी’ आत बसून जेवण्याची पद्धत पडते. चहाचे कप निराळे होतात. यातले काहीही प्रमुखाने ठरवलेले नसते, पण त्याने हरकत घेतली नाही की ते त्याच्या संमतीने चालले आहे असेच सगळे मानतात.

यासाठी काही ठाम नियम करावेत. सर्वांनी एकाच जागी, एकाच भांड्यांत जेवावे, आणि भांडी घासण्याची पाळी प्रकल्पप्रमुखासह सर्वांवर असावी. घरमालकाने जातीवरून कोणाला नकार दिला तर त्या एका माणसाची दुसरीकडे सोय करू नये. ते घरच सोडावे. शिबिर पूर्णपणे शाकाहारी ठेवण्याचा नियम अनेकदा खर्चाचे किंवा सोयीचे कारण सांगून केला जातो. राखीव वनक्षेत्रात काही बंधने वनविभागाचीही असतात, ती पाळावीतच. पण ज्यांच्या घरी सुकट, अंडी किंवा मटण हे रोजचे अन्न आहे त्यांच्या जेवणाला ‘घाण’ म्हणण्याची मुभा कोणालाही नसावी. विद्यार्थ्याला त्याची राखीव जागा, गुणवत्ता यादीतील क्रमांक किंवा शिष्यवृत्ती यांवरून विचारणा होऊ नये, हे आचारसंहितेत लिहिण्याइतके महत्त्वाचे आहे.

फासेपारध्यांसारख्या समाजाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वन्यजीव क्षेत्रात त्यांच्याकडे पिढ्यान्पिढ्या शिकारी म्हणून संशयाने पाहिले गेले आहे. तरीही अकोला-वाशिम भागात याच समाजाच्या गवताळ माळांविषयीच्या ज्ञानावर तणमोर या पक्ष्याच्या संवर्धनाचे काम उभे राहिले. त्या समाजातील तरुणाला कामावर घेतल्यावर गटातील इतरांनी त्याच्या घराण्यातील शिकारीचे किस्से गंमत म्हणून विचारत बसू नये.

स्थानिक सहायक: नाव, मजुरी, विमा

परिसरशास्त्रातील फार मोठा ज्ञानसाठा कोरकू, माडिया, महादेव कोळी, गवळी धनगर आणि किनाऱ्यावरील गाबीत समाजाच्या लोकांकडून येतो. सरीसृपशास्त्रज्ञ जे. विजया यांनी 1982 मध्ये केरळच्या जंगलात, अनेक दशके संशोधकांना न दिसलेले केन कासव शोधले, तेव्हा त्यांना कादर आदिवासींच्या माहितीचा आधार होता. अरुणाचलातील पक्के येथे धनेश (हॉर्नबिल) पक्ष्याची घरटी राखण्याचे काम न्यीशी समाजातील लोक करतात, आणि घरट्यांविषयीच्या दीर्घकालीन नोंदीही त्यातून मिळतात. शोधनिबंधात मात्र अशा सहकाऱ्यांचा उल्लेख ‘स्थानिक क्षेत्र सहायकांचे आभार’ अशा एका ओळीत आटोपतो.

येथे करावयाच्या गोष्टी स्पष्ट आहेत. मजुरी किमान वेतनाहून कमी नसावी, ती महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मिळावी आणि जाणकारीनुसार वाढावी. दहा वर्षे झाडे ओळखून देणाऱ्याला नव्या हमालाइतकीच मजुरी देणे अन्याय्य आहे. विमा सर्वांचा असावा. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या पायी सर्वेक्षणात एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला, तेव्हा तिच्यासोबत वनमजूर होते. ट्रान्झेक्टवर सर्वांत पुढे चालणारा माणूस बहुधा सर्वांत कमी पगाराचा असतो. सामूहिक अपघात विम्याच्या यादीत त्याचे नाव पहिले असावे. जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशावरील प्रतिविष उपलब्ध आहे आणि रात्री वाहन कोण चालवेल, हे त्याच्या भाषेत त्याला सांगितलेले असावे.

आभारात पूर्ण नाव आणि गाव लिहावे, अर्थात त्या व्यक्तीची संमती घेऊन, कारण अवैध शिकार किंवा खाणकाम यांविषयीच्या संशोधनात नाव उघड होणे धोक्याचे असू शकते. ज्याने अभ्यासाची जागा सुचवली, प्रजाती ओळखल्या किंवा निष्कर्षाचा अर्थ लावला, त्याला सहलेखक करावे. त्याला इंग्रजी येत नाही ही अडचण खरी आहे, पण मसुदा त्याला तोंडी समजावून सांगणे व त्याचे म्हणणे नोंदवणे यासाठी दोन दिवस पुरतात. तक्ते मराठीत, आणि शक्य तेथे स्थानिक नावांसह असावेत. त्यामुळे चुका कमी होतात, हा विज्ञानाचाही लाभ आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि तेथे ग्रामसभेसोबत अभ्यासगटांची परंपरा आहे. अशा गावात संशोधनाचा प्रश्नच ग्रामसभेपुढे मांडून तो सुधारून घ्यावा आणि निष्कर्ष प्रथम तेथेच सांगावेत.

दिव्यांगत्व, मातृत्व, ओळख

खीर्ट व्हर्मेय हे तीन वर्षांचे असताना दृष्टी गमावलेले शास्त्रज्ञ शिंपल्यांवरील भेगा व छिद्रे बोटांनी वाचून शिकारी आणि मृदुकाय प्राण्यांच्या उत्क्रांतीचा अभ्यास करत आले आहेत, आणि त्यासाठी त्यांनी प्रवाळ किनाऱ्यांवर प्रत्यक्ष क्षेत्रकार्य केले. त्यामुळे दिव्यांग विद्यार्थ्याला थेट संगणकाकडे पाठवण्याआधी त्याला काय करायचे आहे, हे विचारावे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वे नमूद आहेत, आणि त्यांतील अनेक डोळ्यांना दिसत नाहीत. वाजवी सोयी हा त्या कायद्याने मान्य केलेला हक्क आहे: रस्त्याजवळचे ट्रान्झेक्ट, आवाजाच्या ध्वनिमुद्रणावर आधारित सर्वेक्षण, औषधे ठेवण्यासाठी शीतपेटी, विश्रांतीचे दिवस. नकाशे व आलेख यांत लाल-हिरव्याची जोडी टाळणे तर आजच करता येते.

मातृत्वाच्या बाबतीत नोकरदार स्त्रियांना 26 आठवड्यांची रजा आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.च्या विद्यार्थिनीला 240 दिवसांपर्यंत. पण जाता हंगाम कोणासाठी थांबत नाही. विणीचा एक हंगाम हुकला तर वर्ष जाते. म्हणून रजेच्या काळात नोंदी घेणारा सहायक नेमण्याची तरतूद अंदाजपत्रकात करावी आणि त्या नोंदी तिच्याच राहतील हे लिहून द्यावे. लहान मूल व सोबत आजी किंवा मावशी यांच्या मुक्कामाचा खर्च प्रकल्पातून देता येतो का, हे निधी देणाऱ्या संस्थेला विचारावे.

6 सप्टेंबर 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर समलिंगी संबंध गुन्हा राहिलेले नाहीत, पण खेड्यातील शिबिरात ओळख उघड होण्याची भीती कायम आहे. ज्याने सांगितले असेल त्याच्या संमतीशिवाय ती गोष्ट गटात किंवा गावात पोचू नये. वनविभागाच्या परवानगीपत्रावर ओळखपत्रातील नावच लागते. रोजच्या वापरातील नाव वेगळे असेल तर प्रवेशनाक्यावर ते पत्र प्रमुखाने स्वतः दाखवावे, म्हणजे त्या व्यक्तीला सर्वांदेखत खुलासा करावा लागत नाही.

काय बदलले ते कसे पाहावे

सात-आठ जणांच्या गटात टक्केवारी काढणे निरर्थक आहे आणि निनावी प्रश्नावलीही तेथे निनावी राहत नाही. त्यापेक्षा काही वर्षांच्या नोंदी एकत्र पाहाव्यात: कोण आले, कोण मुदतीपूर्वी गेले, रात्रीचे व दूरचे काम कोणाला मिळाले, परिषदेला कोण गेले, कोणाचे नाव निबंधावर आले आणि हिशेब ठेवणे, स्वयंपाकघर पाहणे, पाहुण्यांची सोय करणे ही न दिसणारी कामे कोणाच्या वाट्याला आली. एकदिवसीय कार्यशाळेच्या उपस्थितीपत्रकापेक्षा ही यादी अधिक काही सांगते.

गट सोडून जाणाऱ्या प्रत्येकाशी संभाषण व्हावे, पण ते प्रमुखाने करू नये. संस्थेतील दुसऱ्या विभागातील कोणी करावे. ते संभाषण शेवटच्या आठवड्यात ठेवू नये. त्या व्यक्तीच्या हाती तिचे शिफारसपत्र, तिच्या नोंदींची प्रत आणि थकीत मानधन पडल्यानंतरच ते घ्यावे.